थंडी लागलेल्या झुडपाचं बोन्साय: होळीपासून मृगापर्यंत

जानेवारीत निफाडचा पारा घसरायला लागला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. बागायतदाराला थंडी काय करते ते ठाऊक असतं. नाशिकच्या गच्चीवर कुंडीतली बोगनवेल त्याच रात्री कुडकुडत असते, पण तिच्या मालकाला ते चार-सहा दिवसांनी कळतं, पानं करपून काळी पडल्यावर. मग नवखा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर झाड मेलं म्हणून टाकून देतो, नाहीतर बोन्साय करायच्या हेतूनंच आणलेलं असेल तर म्हणतो, "पानं गेलीच आहेत, तर आता छाटून सरळ ट्रेमध्ये लावून टाकू." मला विचाराल तर दुसरी गोष्ट जास्त वाईट. टाकून दिलेलं झाड निदान शेजारी उचलून नेतो आणि कधीकधी जगवतोही.

थंडीचा मार ही झाडाला झालेली एक इजा. मोठी छाटणी ही दुसरी, मुळं कापून कुंडी बदलणं ही तिसरी. निरोगी झुडूपसुद्धा शेवटच्या दोन एकदम सोसताना दमतं. तीनही महिन्याभरात दिल्या तर बुंध्यात साठवलेलं अन्न संपतं आणि फुटवा यायच्या आधीच झाड बसतं. म्हणून या लेखात जे काही सांगायचं आहे ते मुख्यतः क्रमाबद्दल आणि वेळेबद्दल आहे. हत्यारं, तार, ट्रे हे सगळं नंतर.

वेळेचा घोळ होतो तो परदेशी व्हिडिओंमुळे. "हिवाळा संपता संपता, डोळे (फांदीवर कोंब फुटतो त्या जागा) फुगायच्या आधी रिपॉटिंग, म्हणजे कुंडीबदल, करा" हा सल्ला चुकीचा नाही, पण तो जपानी मेपल, एल्म अशा थंड हवेतल्या, हिवाळ्यात पूर्ण झोपणाऱ्या झाडांसाठी आहे. लंडनला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्यांनी अंगणातल्या मेपलसाठी तो जरूर पाळावा. आपल्याकडे बोन्सायला घेतात ती बोगनवेल, कामिनी म्हणजे कुंती, जास्वंद, एक्झोरा, अडेनियम, नांदरुक ही सगळी उबेची झाडं. त्यांची मुळं गारठलेल्या मातीत जवळजवळ काम थांबवतात. मुळं कापल्यावर जखम भरायला त्यांना ऊब लागते, आणि ती जानेवारीत नसते.

आधी नुकसान ओळखा

हिवाळ्यात पान गळलं म्हणजे थंडीनं मारलं असं नाही. अडेनियम आणि चाफा थंडीत पानं टाकतात, तो त्यांचा नेहमीचा विसावा. जेडच्या पानांच्या कडा लालसर होतात, तेही ठीक. काळजी करायची ती पुढची लक्षणं दिसली तर.

पान उकडलेल्या पालकासारखं मऊ, गडद, पाणी सुटल्यासारखं दिसतं आणि दोन दिवसांत तपकिरी होऊन लोंबतं, तेव्हा पेशींच्या आतबाहेर बर्फ धरून त्यांची आवरणं फाटलेली असतात. यासाठी हवेचं तापमान शून्यावर यावंच लागतं असं नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश जास्त थंड होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्या दिवशी गावातला पारा पुष्कळदा शून्याच्या बराच वर असतो, त्याचं कारण हेच. उघड्या गच्चीवरची कुंडी याच कात्रीत सापडते, शिवाय तिची मुळं जमिनीत नसून चहूबाजूंनी गार हवा लागणाऱ्या मूठभर मातीत असतात.

दुसरा प्रकार जास्त फसवा. बर्फ कुठेच नाही, पण रात्री आठवडाभर ५ ते १० अंशांच्या आहेत. पानं पिवळी पडतात, त्यांवर डाग येतात, माती ओली असूनही झाड सुकल्यासारखं दिसतं. मुळं पाणी ओढत नाहीत म्हणून ते सुकतं. इथे बहुतेक जण आणखी पाणी घालतात, आणि थंडीनं न मेलेलं झाड मुळं कुजून मरतं.

तिसरं लक्षण सालीचं. खोडावर उभी चीर, साल किंचित सुटलेली. हे आपल्याकडे क्वचित दिसतं. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर गेला होता, तशा थंडीत कोवळ्या फांद्यांवर किंवा इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या मंडळींच्या बागेत दिसू शकतं.

थंडी असेपर्यंत: जवळजवळ काहीच करू नका

करपलेली पानं आणि वाळलेली टोकं तशीच राहू द्या. ती दिसायला वाईट, पण पुढच्या थंड रात्री खालच्या डोळ्यांवर तेवढंच पांघरूण असतं. छाटणीचा अर्थ झाडाला "फूट" असा होतो. संक्रांतीच्या सुमारास छाटलं, चार उबदार दिवसांत कोवळे कोंब आले आणि पुन्हा थंडीची लाट आली, की कोंब जातात आणि त्यांच्यासाठी खर्च झालेलं अन्नही जातं.

कुंडी हलवता येत असेल तर दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत आणा. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. फरशीवर थेट न ठेवता दोन विटांवर ठेवा आणि कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा. फारच गार रात्र असेल तर वरून जुनी साडी किंवा गोणपाट टाका, चार काठ्या रोवून, म्हणजे कापड पानांना चिकटणार नाही. सकाळी काढायचं. प्लॅस्टिक पानांना टेकलं तर उलट तिथेच पानं करपतात, म्हणून ते नको. घरात हीटरजवळ किंवा थेट कोवळ्या उन्हातही नेऊ नका, गारठलेल्या झाडाला हळूहळू ऊब मिळू द्या.

पाणी सकाळी, ऊन आल्यावर. बोटाची दोन पेरं मातीत घाला, तिथवर कोरडं असेल तरच. साधारण ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता धरून ठेवते, म्हणून बोगनवेल आणि कुंतीला अगदी कोरडंठाक ठेवायचं नाही. अडेनियमचं उलट आहे, ते थंडीत जवळपास कोरडंच ठेवायचं.

खत शून्य. युरिया तर नावालाही नको. आजारी झाडाला "ताकद" म्हणून खत देणं ही आपल्याकडची मोठी सवय आहे. जी मुळं पाणी ओढत नाहीत ती खत काय ओढणार? ते क्षार मातीत साठतात आणि उरलेली तंतुमुळं भाजतात.

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून किंवा कुठल्याही नर्सरीतून हौसेनं जाड बुंध्याचं झुडूप आणलंत तरी हाच नियम. ट्रे त्याच दिवशी घ्यायला हरकत नाही, झाड त्यात लावायला मात्र जून उजाडू द्या.

होळीनंतर: जिवंत किती, ते पाहा

"होळी जळाली, थंडी पळाली" हे आपल्या झाडांना बऱ्यापैकी लागू पडतं. तरी होळी कधी लवकर येते, कधी उशिरा, म्हणून पाऱ्याकडेही बघा. सलग आठ-दहा रात्री किमान तापमान १५ अंशांच्या वर राहिलं की तपासणीला हरकत नाही. याआधी तपासणी करण्यात तोटा असा, की थंडीनं मारलेली फांदी आतून काही दिवस हिरवी दिसत राहते आणि मग तपकिरी होते. घाईत लावलेला अंदाज चुकतो.

नखानं किंवा चाकूच्या टोकानं फांदीची साल तिळाएवढी खरवडा. टोकापासून सुरुवात करून बुंध्याकडे या. खाली ओलसर हिरवं किंवा पिवळट हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. कोरडं, तपकिरी, भुसभुशीत असेल तर तो भाग गेला. जिवंत भाग जिथे सुरू होतो तिथे दोऱ्याची गाठ बांधून ठेवा, लगेच कापू नका. पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. पुष्कळदा गाठ आणखी खाली सरकवावी लागते, आणि कधीकधी, विशेषतः बोगनवेलीत, गाठीच्या वरही एखादा डोळा हिरवा होऊन सुखद धक्का देतो.

सगळ्या फांद्या कोरड्या निघाल्या तरी बुंधा खरवडून बघा, अगदी मातीच्या रेषेपर्यंत. बोगनवेल आणि जास्वंद जमिनीलगतून परत फुटण्यात पटाईत आहेत. खालून काहीच हिरवं दिसत नसेल तरी कुंडी एप्रिलअखेरपर्यंत सांभाळा.

अडेनियमचा फुगीर बुंधा दाबून पाहा. सगळीकडून सारखाच थोडा मऊ असेल तर बहुधा तो तहानलेला आहे, ऊब आल्यावर पाणी मिळालं की भरून येतो. एकाच जागी मऊ, काळपट आणि वास येणारा असेल तर ती कुज. स्वच्छ धारदार चाकूनं पांढरा निरोगी गर लागेपर्यंत कापत जा, कापलेल्या जागी बुरशीनाशकाची भुकटी लावा आणि झाड मातीबाहेर, सावलीत, हवेशीर जागी आठ-दहा दिवस सुकू द्या. हे काम थांबवून ठेवायचं नसतं. थंडीच्या दिवसांतही कुज दिसली की त्याच दिवशी.

मुळांचंही एकदा बघून घ्यावं. कुंडी आडवी करून मातीचा गोळा न फोडता अलगद अर्धा बाहेर सरकवा. पांढरी किंवा पिवळट, घट्ट टोकं दिसली की गोळा परत आत. मुळं काळी, बुळबुळीत असतील आणि मातीला आंबूस वास असेल तर कुंडी बदलायला मृगाची वाट पाहायची नाही. फक्त कुजलेली मुळं काढा, निरोगी एकही कापू नका आणि भरड, पटकन निचरा होणाऱ्या मिश्रणात लावा. या झाडाचं बोन्साय यंदा विसरा.

पहिली कात्री फक्त मेलेल्या भागाला

दोन तपासण्यांनंतर जे नक्की मेलंय तेवढंच कापायचं. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, स्पिरिटनं पुसून घ्या, प्रत्येक झाडानंतर पुन्हा पुसा. कुंती आणि एक्झोराला जिवंत डोळ्याच्या वर साधारण एक सेंटिमीटर सोडून काप घेतला तरी चालतो. बोगनवेलीचं लाकूड पोचट, तिथे कापापासून खालपर्यंत वाळत येतं. म्हणून दोन-तीन सेंटिमीटरचं खुंट राखा आणि ते पूर्ण वाळल्यावर काही महिन्यांनी तासून घ्या. मोठ्या कापांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची घट्ट पेस्ट लावा. द्राक्षवाल्यांच्या ओळखीत असाल तर बोर्डो पेस्ट मिळेल, तीही उत्तम. घरी करायची तर १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात विरघळवून मग एकत्र करतात. लोखंडी भांडं नको, हातमोजे हवेत आणि मुलं लांब.

वाळलेल्या फांदीला सोलून पांढरं करण्याचा मोह होतो, कारण जुनिपरच्या फोटोंत ते सुंदर दिसतं. कुंतीचं लाकूड टणक असतं, तिथे जमेल. बोगनवेलीत ते पावसात कुजतं.

पानं नसलेल्या खोडाला मार्चचं ऊन भाजतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. भिंतीजवळून एकदम भर उन्हात नेऊ नका. आधी सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन, मग हळूहळू वाढवत न्या. नागपूर, अकोला, जळगावकडे एप्रिलपासून ५० टक्के सावलीची जाळी लागतेच.

फुटवा: इथे थंडीनं तुमचं थोडं काम केलेलं असतं

नर्सरीतली बोगनवेल सहसा लांबच लांब, खाली उघडी आणि वर पानांचा झुपका अशी असते. थंडी वरचा भाग मारते आणि झाड बुंध्यावरून, जुन्या लाकडातून फुटतं. बोन्सायला नेमकं हेच हवं असतं: खाली जाड बुंधा, वर बारीक होत जाणाऱ्या फांद्या. जे झाड एवढं खाली कापायची हिंमत तुम्हाला झाली नसती, ते आयतं आखूड झालेलं मिळतं. थंडीत मार खाल्लेल्या झाडावर थोडा वेळ घालवावा, असं मी म्हणतो ते यामुळे.

फुटवे आले की निवड सुरू करावीशी वाटते. थांबा. पहिले सगळे फुटवे राहू द्या, वेडेवाकडे असले तरी. प्रत्येक पान झाडासाठी अन्न करतंय, आणि कोणता फुटवा टिकेल हे अजून कुणालाच सांगता येत नाही. अपवाद कलमी झाडांचा. रंगीत फुलांची अडेनियम आणि एकाच झाडावर दोन-तीन रंग येणाऱ्या बोगनवेली पुष्कळदा कलम केलेल्या असतात. जोडाच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या मुळच्या झाडाचा असतो, त्याला तुमच्या आवडीचं फूल येणार नाही. फुलासाठी झाड घेतलं असेल तर तो लगेच खुडा. कलमाचा वरचा भागच मेला असेल, तर मात्र खुंटाचं झाड म्हणूनच वाढवायचं ठरवा. बुंधा चांगला असेल तर त्यात काही वाईट नाही.

फुटव्यावर चार-पाच पानं पूर्ण उघडली की खत सुरू करा, तेही पातळ. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, ओल्या मातीवर. किंवा मूठभर गांडूळखत आणि चिमूटभर निंबोळी पेंड वरच्या थरात. दोन्ही एकदम नकोत. कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि पिठ्या ढेकूण येतातच. थोडे असतील तर पाण्याच्या फवाऱ्यानं आणि जुन्या टूथब्रशनं काम भागतं.

आकाराची छाटणी, पण परीक्षा पास झाली तरच

नाशिककडे द्राक्षाची खरड छाटणी होते साधारण त्याच दिवसांत, म्हणजे एप्रिलमध्ये, बोन्सायच्या पहिल्या आकाराचा विचार करता येतो. झाडानं फुटव्याची एक पूर्ण खेप दिली पाहिजे, त्या खेपेची पानं नेहमीच्या आकाराची आणि टणक झालेली हवीत, आणि टोकांना दुसरी खेप सुरू झालेली दिसायला हवी. पानं लहान, फिकट असतील किंवा फुटवे बोटभर वाढून थांबले असतील तर झाड अजून उधारीवर जगतंय. त्याला पुढच्या वर्षीपर्यंत सुट्टी द्या.

पास झालेल्या झाडात आधी पुढची बाजू ठरवा. मुळांचा पसारा आणि बुंध्याचं वळण जिकडून चांगलं दिसतं ती. मग शेंड्याचा एक फुटवा, बुंध्याच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर पहिली फांदी, तिच्या विरुद्ध बाजूला थोडी वर दुसरी, आणि मागच्या बाजूला एखादी. एकाच जागेतून चार-पाच फुटवे निघाले असतील तर दोन ठेवा, नाहीतर तिथे गाठ सुजते. एकूण पानांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काढू नका. उरलेलं नंतर कापता येतं.

बोगनवेलीची जुनी फांदी तारेनं वाकवताना कट्कन मोडते. त्यामुळे हिरवट-तपकिरी होत आलेल्या कोवळ्या फुटव्यालाच दीड ते दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार घाला. पावसाळ्यात वाढ इतक्या वेगानं होते की तार महिन्याभरात सालीत रुतू शकते, आठवड्याला नजर ठेवा.

विदर्भात आणि खानदेशात ही छाटणी ऊन तापायच्या आधी जमली तर उरकावी, नाहीतर जूनपर्यंत पुढे ढकलावी. ४२-४३ अंशांत नवे काप घेऊन झाड उन्हात ठेवणं ठीक नाही.

मृगाचा पाऊस आणि कुंडी

छाटणी आणि मुळांची कापणी यांत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर हवं. एप्रिलच्या मध्याला छाटलेलं झाड जूनच्या मध्याला तयार होतं, आणि तेव्हा मृग लागलेला असतो. हवा दमट, रात्री उबदार, उन्हाचा कडाका उतरलेला. कापलेल्या मुळांना याहून चांगले दिवस वर्षात नाहीत. पाऊस लांबला तर थांबा. नक्षत्र लागलं म्हणून कोरड्या रखरखाटात मुळं उघडी करायची नसतात.

मिश्रण: विटांचा चुरा दोन भाग, चाळलेली लाल माती किंवा पोयटा एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. चुरा दोन ते पाच मिलिमीटरचा, धूळ धुऊन काढलेला. धुळीसकट वापरला तर तळाला चिखल होतो आणि सगळी मेहनत फुकट. काळी माती नको, ती पाणी धरून बसते, पावसाळ्यात मुळं गुदमरवते आणि पुढच्या हिवाळ्यात गार राहते.

पहिलं घर उथळ ट्रे नसावं. थंडीतून उठलेल्या झाडाला आधीच्या कुंडीच्या निम्म्या खोलीची, पण रुंद कुंडी द्या आणि ट्रेचं पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी बघा. छिद्रांवर जाळी, छिद्रांतून झाड बांधायला तार. मातीचा गोळा बाहेर काढून काठीनं बाजूची आणि खालची माती मोकळी करा. खाली जाणारी जाड मुळं आखूड करा, बारीक तंतुमुळं राखा, एकूण पाव हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. बोगनवेलीची मुळं ठिसूळ असतात, ती धुऊन पूर्ण उघडी करू नका. बुंध्यालगतचा मातीचा गाभा तसाच ठेवायचा. कुंती आणि नांदरुक यापेक्षा जास्त सोसतात, तरी या वर्षी त्यांनाही पाव हिस्साच.

झाड तारेनं कुंडीला घट्ट बांधा. हलणाऱ्या झाडाची नवी मुळं तुटत राहतात. काठीनं मिश्रण मुळांच्या पोकळ्यांत सरकवा, खालून स्वच्छ पाणी निघेपर्यंत पाणी घाला. मग दोन-तीन आठवडे उजेडाच्या सावलीत, झोडपणाऱ्या पावसापासून आडोशाला. कोकणात आणि घाटमाथ्यावर हा आडोसा पूर्ण जुलै लागेल. कुंडीखालची बशी काढून टाका, तिच्यात मुळं कुजतात आणि डासही होतात. नवी पालवी दिसल्यावर सकाळचं ऊन, आणि खत चार आठवड्यांनंतर.

श्रावण-भाद्रपदात झाड जोरात वाढेल. शेंडे खुडत राहिलात तर फांद्या दाट होतात. दसऱ्यानंतर मात्र खुडणं आणि नत्राचं खत दोन्ही बंद करा, म्हणजे डिसेंबरपर्यंत नवी वाढ टणक होईल. उथळ कुंडीतली माती खोल कुंडीपेक्षा लवकर गारठते, त्यामुळे गेल्या वर्षी जी जागा चालली ती यंदा पुरेलच असं नाही. दिवाळी झाली की कुंडीजवळ एक साधा तापमापक टांगा आणि रात्रीचा आकडा १० च्या खाली दिसताच कुंडी भिंतीलगत हलवा.